नवमीची सवाष्ण

गणपती गेले की भिवंडीला चार दिवस करमत नाही. मांडवाचे बांबू रस्त्याच्या कडेला तसेच पडलेले असतात, माग मात्र पुन्हा खडखडायला लागलेले असतात, आणि धामणकर नाका सोडून राहनाळच्या बाजूला निघालं की दोन्हीकडे भाताला लोंब्या धरलेल्या दिसतात. एखादा दाणा चिमटीत दाबला की त्यातून पांढरं दूध येतं. ऊन पाठीला चटका देतं, बांधावरचा तेरडा सुकायला लागतो, भोपळ्याचे वेल गोठ्याच्या छपरावर चढून बसतात. खाडीकडून वारा आला की त्यात चिखलाचा आणि कोवळ्या भाताचा असा मिळून एक वास असतो. या पंधरवड्यात गावात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल तर तो कावळ्यांना. एरवी ज्यांना हाडहाड करून हाकलतात, त्यांच्यासाठी लोक जेवणं खोळंबून ठेवतात आणि आकाशाकडे बघत हात जोडून उभे राहतात.

पितृपक्षातली नवमी ही अहेव नवमी. कपाळावर कुंकू असताना जी बाई गेली, तिच्या नावानं त्या दिवशी एखाद्या सवाष्णीला जेवायला बोलावतात. तिचे पाय धुतात, ओटी भरतात, गेलेलीला जे आवडायचं ते तिला वाढतात. गेली काही वर्षं मी राहनाळला अशी सवाष्ण म्हणून बसते आहे. माझ्या थोरल्या बहिणीची, हिराताईची. बोलावते ती तिची सासू, ठकुआय. यंदाही तिचा निरोप आला आहे. निरोप आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावते आणि खिडकीतून बाहेर बघत बसते. मुलं सतरा सक्कम काहीही म्हणतात आणि मी मान हलवते.

मी भिवंडीतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. हे एका लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. आमचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा माझे पाय सुजायला लागले. आधी वाटलं दिवस गेले. सासूबाई तर गुपचूप डिंक आणून ठेवून मोकळ्या झाल्या. मग तोंड सुजलं, अन्नावरची वासना गेली, दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. तहान ही काय चीज आहे ते तेव्हा कळलं. नळाखाली कपडे धुताना मी ओला पदर तोंडाशी धरून उभी राहायची.

रक्ताच्या नात्यातलं कुणी आपलं एक मूत्रपिंड दिलं तर ते बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ही गोष्ट ऐकायलासुद्धा विचित्र वाटायची. आईवडील गेलेले, भाऊ नाही. उरली एकटी हिराताई. मी तिला मागितलं नव्हतं. मागण्यासारखी ती वस्तू होती का? तिनं यांच्याकडून सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन आमच्या दारात हजर.

"दोन हायत ना मना? मंग एक काय लोनच्याला ठेवू?" ती म्हणाली. माहेरी आम्ही दोघी सारख्याच बोलायचो, पण राहनाळला गेल्यापासून तिची बोली पक्की तिथली झाली होती.

"ताई, घरी विचारलंस का?"

"तुज्या भाऊजींना विचारलं. ते रडले आनि व्हय म्हनाले."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"तिला सांगितलं," ताई म्हणाली आणि काकडी कापायला बसली. त्यावरूनच काय ते समजलं.

ठकुआयचा या गोष्टीला ठाम विरोध होता. तिचं म्हणणं सरळ होतं. धडधाकट सून आम्ही करून आणली, ती अर्धी करून परत घ्यायची का? तिला शेतात उभं राहायचं आहे, भारे उचलायचे आहेत, अजून एक पोर व्हायचं आहे. आज मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. पण ताईनं ऐकलं नाही. ती ज्या दिवशी मुंबईला निघाली, त्या दिवसापासून ठकुआयनं तिच्याशी अबोला धरला.

आमच्याकडचे अबोले बघण्यासारखे असतात. माणसं एका चुलीवर रांधतात, एका ताटात वाढतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. ताईची मुलगी मंदा तेव्हा लहान होती. ठकुआय पाट्यासमोर बसून, हातभर अंतरावरच्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "मंदे, तुज्या आयला सांग, नारल खवून दे." ताईही कमी नव्हती. "मंदे, आजीला सांग, खवलाय." मंदा घरात नसली की हेच निरोप म्हशीमार्फत जायचे. ताई मला हे साभिनय करून दाखवायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. हसताना तिचा एक हात कमरेवरच्या टाक्यांशी जायचा आणि माझा ओटीपोटाशी. "मोडल गं अबोला," ती म्हणायची. "म्हातारी आतनं मऊ हाय. कापनीपर्यंत बोलल."

शस्त्रक्रियेनंतरचे ते दिवस आठवले की अजूनही हसू येतं. लघवी झाली याचा आनंद एखाद्या घरात मुलगा झाल्यासारखा साजरा होऊ शकतो, हे मी तिथं पाहिलं. परिचारिका भांडं घेऊन धावत डॉक्टरांना दाखवायला गेली. हे दाराबाहेर उभे राहून डोळे पुसत होते. मी पहिल्यांदा पोटभर पाणी प्याले तेव्हा शेजारच्या खाटेवरून ताई ओरडली, "हलू पी, तुजं कोन पलवत न्हाय!" पुढे गोळ्यांनी माझा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. गोळ्या कायमच्या, मीठ कायमचं बेताचं, आणि तोंडावर हे खोटं बाळसं. आमच्या शेजारच्या अन्सारीखाला मला बघून म्हणाल्या, "क्यों मास्टरनी, मायके का घी खाके आई क्या?" आता मी माहेरून काय खाऊन आले होते ते त्यांना कसं सांगणार!

ताई दर बाजाराला भिवंडीला यायची. आली की आधी माझ्या पोटावर उजव्या बाजूला, खाली, हात ठेवायची. तिथं कातडीखाली तिची ती किडनी हाताला लागते. मुठीएवढी, जरा घट्ट. डॉक्टरांनी आपल्या जागेवर न बसवता पुढे बसवली आहे. "काय गं, नांदते ना नीट?" ताई विचारायची. "तुज्याकडं नांदाला धाडलीय माजी पोर. सासुरवास करू नको." मी म्हणायची, "उलट तीच मला राबवते." ताईला हे फार आवडायचं. जाताना पोटाकडे बघूनच निरोप घ्यायची, माझ्याकडे नाही. मी खोटं खोटं रुसायची.

दुसऱ्या वर्षीच्या कापणीत, भाताची पेंढी उचलताना ताईला खालून घोणस डसली. ठकुआय तेव्हा दोन सऱ्या पलीकडे होती. तिनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून ताईचा पाय बांधला, असं भाऊजी सांगतात. आधी गावच्या भगताकडे नेलं, मग ठाण्याला, मग मुंबईला. त्याच इस्पितळात, जिथं आम्ही दोघी शेजारशेजारच्या खाटांवर हसलो होतो. पायाची सूज मांडीपर्यंत चढली होती, पण डॉक्टरांना त्याची काळजी नव्हती. ते पुन्हा पुन्हा खाटेखालच्या लघवीच्या पिशवीकडे बघत होते. ती पिशवी कोरडी होती. घोणसीचं विष मूत्रपिंडावर बसतं, ते म्हणाले. रक्त गाळणाऱ्या यंत्रावरही घातलं, पण तोवर रक्तच बिघडलं होतं.

त्या दिवसांतलं एक मी कधी कुणाला धड सांगू शकले नाही. मला दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागत होतं. मी बाहेर जायची, परत यायची, ताईची पिशवी कोरडीच असायची. माझ्या पोटात तिची एक धडधाकट राबत होती आणि तिच्याजवळची एकुलती एक मरत होती. एकदा मी तशीच न्हाणीघरातून निघाले आणि डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, "हिची हिला परत द्या. आत्ता काढा. मी सही करते."

डॉक्टर भले होते. त्यांनी मला खाली बसवलं. "तसं होत नाही, बाई," ते म्हणाले.

"दोन असत्या तर वाचली असती का?"

ते म्हणाले, "दोन असलेलीही माणसं यातून जातात. तुमच्या बहिणीचं काय झालं असतं ते कुणी सांगू शकणार नाही." त्यांनी खरं तेच सांगितलं असणार. पण त्या खऱ्यानं मला आजवर एक दिवस नीट झोप दिलेली नाही. नक्की माझ्यामुळे गेली असं कळलं असतं, तर मी एकदाची त्या दुःखाशी तडजोड केली असती. नक्की माझ्यामुळे नाही असं कळलं असतं तर देवाला नारळ फोडला असता. यातलं काहीच हातात नाही.

ताई गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर नव्हती. ठकुआय बाहेरच्या बाकावर बसून होती, तिला आत बोलावलं तर ती उठली, दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. अबोला तसाच राहिला.

दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, पलीकडच्या चिंचेवर ढीगभर बसले होते. भाऊजींनी हात जोडून सांगितलं, मंदाला सांभाळीन. मी सांगितलं, मंदाला माझी समजेन. कुणी काय, कुणी काय सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. ठकुआय बायकांमध्ये मागे उभी होती, तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे पाण्यात उतरले. परतताना बांधावरून चालता चालता ठकुआय कुणाला तरी म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "सुटल कशी? अर्धी जालली, अर्धी तिच्या पोटात हाय."

त्यानंतर राहनाळचं दार मला बंद झालं. कुणी बंद केलं असं नाही, पण मीच त्या वाटेला गेले नाही. मंदाला भाऊजी शाळेच्या सुट्टीत आमच्याकडे आणून सोडायचे आणि दारातूनच परत फिरायचे. वर्षश्राद्ध झालं. आणि त्यानंतरच्या भाद्रपदात, अशाच दूध भरल्या भाताच्या दिवसांत, भाऊजी आले आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून पहिल्यांदा आत बसले.

"आयनं जेवाला बोलावलंय," ते म्हणाले. "नवमीला. हिराची म्हनून."

हे म्हणाले, जाऊ नकोस, चार लोकांत काही बोलली म्हणजे? मीही घाबरलेच होते. पण ज्या घरानं मला आपली सून दिली त्या घरानं चार शिव्या दिल्या तरी त्या घ्यायला जायला हवं, असं वाटलं. हिरवी साडी नेसले, हातभर बांगड्या भरल्या आणि टांग्यानं निघाले.

ती नवमी मला अजून जशीच्या तशी दिसते. शेणानं सारवलेलं अंगण. पाटाभोवती रांगोळीची साधी रेघ. ठकुआयनं माझ्या पायांवर ऊन पाणी घातलं आणि पाय चोळून धुतले, एखाद्या लहान मुलाचे धुवावेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून. तिचे हात खरखरीत होते. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. शेजारची रखमाय दारात उभी होती. ती म्हणाली, "ठकू, सवाशीन भावकीतली बसवाची असते गं. म्हायेरची कशी चालल?"

ठकुआयनं पाय पुसता पुसताच विचारलं, "भावकीतल्या कुनाच्या पोटात हाय ती?"

रखमाय निघून गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते ठकुआयच्या हातावर पडलं. तिनं ते पदरानं पुसलं, माझे पाय पुसले त्याच ओघात.

मग पानं वाढली. वालाचं बिरडं, आळू, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वडे, खीर. बिरडं म्हणजे ताईचा जीव की प्राण. कावळ्याचं पान भाऊजींनी शिडीवरून कौलांवर नेऊन ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय मी घास घ्यायचा नव्हता. आम्ही सगळे अंगणात उभे. कावळे आले, पन्हळीवर बसले, मान वाकडी करून पानाकडे बघितलं आणि उडाले. पुन्हा आले, पुन्हा उडाले. दहाव्याची आठवण कुणी काढली नाही, पण ती सगळ्यांच्या तोंडावर होती.

एकाएकी ठकुआयनं कपाळावर हात मारून घेतला. "आये! आलनी हाय गं समदं!"

झालं होतं असं की मला मीठ चालत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं अख्खा स्वयंपाक बिनमिठाचा केला. पितरांचं अन्न आधी चाखायचं नसतं, त्यामुळे कावळ्याच्या पानासाठी वेगळं काढून त्यात मीठ घालायचं राहूनच गेलं. एकाच बाईसाठी दोन पानं, आणि एकीला मीठ चालत नाही तर दुसरीचा मिठावाचून घास उतरायचा नाही! असा घोटाळा दुसऱ्या कुठल्या घरात झाला असेल असं मला वाटत नाही. ताई तर कैरीपेक्षा तिच्याबरोबरचं मीठच जास्त खायची.

"दोन वर्सं बोलले न्हाय तिच्याशी," ठकुआय म्हणाली, "आनि आज बोलावली तं आलनी घातलं." आणि ती म्हातारी मटकन अंगणात बसली आणि रडायला लागली. ताई गेल्यापासून तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. भाऊजी गोंधळून गेले. मंदा घरात धावली, मिठाची बरणी घेऊन आली आणि बापाच्या आधी शिडी चढली. तिनं मूठभर मीठ कौलावरच्या पानावर उधळलं, निम्मं खाली आमच्या डोक्यांवर पडलं. मला हसू फुटलं. ताई असती तर गडबडा लोळली असती. ठकुआयनं माझ्याकडे बघितलं, आणि तीही रडता रडता हसली.

कावळा शिवला की नाही ते मला माहीत नाही. खूप उशीर झाला, मला गोळ्या घ्यायच्या होत्या, म्हणून ठकुआयच म्हणाली, बस जेवाला. मागाहून बघितलं तर पान अंगणात पडलेलं होतं. मांजर असेल, नाहीतर वारा. मी जेवत होते आणि ठकुआय समोर बसून माझा घास न् घास बघत होती. बिरडं दोनदा वाढलं. मी संपवलं. खरं सांगायचं तर मला बिरडं लहानपणापासून आवडत नाही. त्या दिवसापासून मी ते दर नवमीला दोनदा घेऊन खाते.

जेवण झाल्यावर तिनं मला आतल्या खोलीत नेलं. "दाव मना," म्हणाली. मी पदर बाजूला केला आणि तिचा हात धरून जागेवर ठेवला. तिची बोटं आधी थबकली, मग तिला ती लागली. अशी एखादी गोष्ट हाताला लागल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी लिहू शकणार नाही. तिचे ओठ हलत होते. ती माझ्याशी नाही, ताईशी बोलणार होती हे मला कळत होतं. पण शब्द काही आला नाही. वर्षानुवर्षं धरलेली जीभ अशी एका दुपारी सुटत नसावी.

"पुढल्या वर्साला बोलन," ती शेवटी म्हणाली. मग हात काढून घेत म्हणाली, "तू डाक्टराला परत घ्या म्हनत व्हतीस. मी बाकावर बसले व्हते. मना ऐकू आलं. तवापासून तुज्यावर राग न्हाय."

"मग इतके दिवस बोलावलं का नाहीत, आई?"

"तोंड कंचं दावू?" ती म्हणाली.

पुढच्या वर्षीही तेच झालं. आणि त्याच्या पुढच्याही. जेवण, ओटी, आतली खोली, पोटावर तिचा हात, हलणारे ओठ. आणि दर वेळी, "पुढल्या वर्साला." मी वाट बघायला शिकले. कधी वाटायचं, तीच मुद्दाम पुढे ढकलते आहे. बोलून झालं की मग काय उरणार? अबोला हे सासू-सुनेचं एकच नातं शिल्लक राहिलं होतं, आणि ते माझ्या पोटावर हात ठेवून ती जपत होती. मधल्या काळात ती कधी बाजाराला आली की आमच्याकडे डोकावायची. "बरी हाय ना?" विचारायची. ती कुणाबद्दल विचारते, हे मी कधी विचारलं नाही. दोघींच्या वतीनं "बरी आहे" म्हणायची.

लोक मला विचारतात, बहिणीचं काही तुझ्यात आलं का गं? स्वभाव, आवडीनिवडी? मी पुष्कळ शोधलं. ताईसारखं फाडकन बोलता येतं का बघितलं, मुख्याध्यापकांसमोर ततपप झालं. तिच्यासारखं गाता येत नाही, भारा उचलता येत नाही. तिचं माझ्यात काही म्हणजे काही आलं नाही. फक्त ती एक आपली मुकाट राबत राहिली, शेतावर राबायची तशीच.

आता ती थकली आहे. श्रावणापासून माझे पाय पुन्हा सुजायला लागले. गणपतीच्या आधी मुंबईला जाऊन आले. डॉक्टर तेच, केस पांढरे झालेले. त्यांनी सांगितलं की शरीर तिला नाकारतं आहे. गोळ्या वाढवून बघितल्या, उपयोग होताना दिसत नाही. यंत्रावर फार दिवस काढता येणार नाहीत, आणि मंदा अजून शाळकरी, ती सोडली तर दुसरी देणारं माझ्या रक्तात आता कुणी नाही. यांनी विचारलं, नाकारतं म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, शरीराला ती परकी वाटते.

परकी! इतकी वर्षं जिनं या देहाचं सगळं घाण काम केलं, ती परकी. एखादीनं उभा जन्म एका घरात राबावं आणि म्हातारपणी त्या घरानं विचारावं, तू कोण गं? मला माझ्याच देहाची अशी चीड आली की त्या दिवशी मी आरशात बघितलं नाही. मरणाची भीती वाटते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला एका गोष्टीनं छळलं. ताई दुसऱ्यांदा मरणार होती, आणि या वेळी ती बातमी घेऊन राहनाळला जायचं माझ्या वाट्याला आलं होतं.

हे म्हणाले, कशाला सांगतेस म्हातारीला, नवमी होऊ दे. मी दोन दिवस विचार केला. न सांगता पाटावर बसले, तिनं पाय धुतले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढल्या वर्साला," तर मी काय करू? मान हलवू? ते मला जमणार नव्हतं. काल शाळेतून अर्धी रजा घेतली आणि गेले.

ठकुआय पडवीत बसून नवमीचे वाल सोलत होती. मला अवेळी बघून तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. पुढल्या वर्षी मी नसेन बहुतेक, हेही सांगितलं. अंगणात उन्हाचा पट्टा पडला होता. तिचे हात वाल सोलत राहिले, मग थांबले.

"दुखतं का तिला?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

"बरं."

तिनं हात लुगड्याला पुसले. या वेळी आतल्या खोलीत नेलं नाही. तिथंच, भर दुपारी, उघड्या पडवीत माझा पदर बाजूला सारून तिनं हात ठेवला. बोटं आता तिला शोधावी लागत नाहीत. डोळे मिटले. ओठ हलायला लागले, आणि मला वाटलं नेहमीसारखंच होईल. पण मग आवाज आला, खरवडलेला, न वापरलेला.

"हिरा," ती म्हणाली. "मी बोलतंय. तुजी सासू."

मी बाजूला सारलेला पदर तसाच धरून ठेवला.

"राग न्हाय गं माजा. तवाबी नव्हता. भीती वाटली व्हती, तुला कायतरी व्हईल म्हनून. ती भीती मना सांगता आली न्हाय, म्हनून तोंड मिटून बसले. तू चांगलंच केलंस. मना जमलं नसतं." ती थांबली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. "लय राबलीस. माज्या घरी राबलीस, हिच्या घरी राबलीस. मंदाची कालजी करू नको, मी हाय. आता कशात जीव ठेवू नको. जा बाय. सुखानं जा. मोकली हो..."

आणि तिथं तिचा शब्द अडला. तिनं डोळे उघडले, आणि समोर मी होते. माझा सुजलेला चेहरा, माझं कुंकू, माझ्या हिरव्या बांगड्या. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. पोटावरचा हात तिनं असा घट्ट दाबला की मला दुखलं.

"न्हाय," ती म्हणाली. "न्हाय गं हिरा, जाऊ नको. चुकले मी. हिला घेऊन जाशील तू." तिनं खाली वाकून तोंड माझ्या पोटाजवळ नेलं, बहिऱ्या माणसाच्या कानाशी नेतात तसं. "तवा माजं ऐकलं न्हायस. आता एक डाव सासूचं ऐक. ऱ्हा."